डबा, लोकल आणि साडेपाचचा अलार्म

प्रश्न: मॅडम, माझं वय 54. बँकेतून व्हीआरएस घेतली, आता कादंबरी लिहावीशी वाटते. घरचे हसतात. उशीर झालाय का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: नाही झाला. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस ट्रॉलप नावाच्या बाईंचं पहिलं पुस्तक 1832 मधे आलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. घर कर्जात, मग नवरा आजारी, मुलगा आजारी, त्यांचं सगळं करता करता बाई पहाटे चारला उठून लिहायच्या, औषधाच्या बाटल्यांशेजारी शाईची दौत. एकूण 114 खंड झाले त्यांचे (तेव्हा एकेक कादंबरी दोन-तीन खंडात निघायची, त्यामुळे आकड्याला घाबरू नका). घरच्यांना हसू दे, तुम्ही बसा. या बाईंचा दुसरा एक मुलगा, अँथनी, तो पण लेखक, खालच्या पत्रात येतोय, ते पण वाचा.

प्रश्न: मॅडम, मी कळव्याला राहते, तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला आहे. लायब्ररीतून अँथनी ट्रॉलपचं आत्मचरित्र आणलं. पोस्टात नोकरी करून 47 कादंबऱ्या लिहिल्या त्याने, पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटाला 250 शब्द. मी पण तसंच करायचं ठरवलं, तीन आठवडे झाले. पण आमच्याकडे साडेपाचलाच पाणी येतं, मग डबे, मग ठाण्याला उतरून पनवेल गाडी. पंधरा मिनिटात 40 शब्द होतात, ते पण दुसऱ्या दिवशी वाचवत नाहीत. माझी नायिका महाबळेश्वरला बंगल्यात एकटी राहते, पियानो वाजवते, आणि त्याच्यापुढे ती काही करतच नाही. ऑफिसमधे तर तसलं वातावरणच नाही, आमचे एक काका रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी रोज डबा घेऊन येतात, त्यांच्या जुन्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसतात, कोणी काही बोलत नाही, असल्या ठिकाणी काय सुचणार. मोठ्या लेखकाचं आयुष्य वाचून लिहायला शिकता येतं का? की नोकरी सोडू?
— एक वाचक, कळवा

उत्तर: नोकरी सोडू नका, हे आधी. ट्रॉलप पोस्टात लागला 1834 ला आणि सोडली 1867 ला, म्हणजे 33 वर्षं, आणि सोडली ती पण कधी, तर साठीपर्यंत थांबून जेवढी पेन्शन मिळाली असती तेवढं उत्पन्न येईल इतका पैसा बाजूला पडल्यावर, बायकोशी नीट बोलून. 'द वॉर्डन' या त्याच्या कादंबरीचा पहिला चेक आला तो होता 9 पौंड 8 शिलिंग 8 पेन्स. एवढ्यावर कोण राजीनामा देतं?

आता साडेपाच. तुम्ही त्या पुस्तकातनं घड्याळ उचललंत, सगळे तेच उचलतात, मी पण उचललं होतं. नौपाड्यात आमच्या वन रूम किचनमधे एक्सेल शीट करून रोजचे शब्द भरायचे मी, आठ महिन्यात साठ हजार झाले आणि त्यात एक माणूस जिवंत नव्हता, सगळे नुसते दार उघडून आत यायचे आणि चहा प्यायचे. ते बाड अजून माळ्यावर आहे.

त्या घड्याळामागे काय होतं ते बघा ना. एक तर त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला म्हातारा नोकर होता, या कामाचे वर्षाला 5 पौंड जादा, आणि ट्रॉलप स्वतः म्हणतो की माझ्या यशात कदाचित सगळ्यात जास्त वाटा याचाच असेल. त्याला पिंप भरायचं नव्हतं की डबे करायचे नव्हते. तेव्हा साडेपाच तुमचे नाहीत, सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळेत हा मुलगा गरीब, एकटा, बाकीची मुलं खेळायला घ्यायची नाहीत. मग तो डोक्यात गोष्ट चालवायचा, एकच गोष्ट, आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने, आणि नियम असा की अशक्य काही घडवायचं नाही, स्वतःला राजाबिजा करायचं नाही, कालच्या गोष्टीला आज धरून राहायचं. साडेपाचची ती प्रसिद्ध शिस्त लागली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता! म्हणजे माणसं डोक्यात घेऊन फिरायची सवय त्याला घड्याळाच्या कितीतरी आधीपासून. घड्याळ हा नुसता नळ, टाकी आधीच भरलेली. तुम्ही (आणि मी) कोरड्या टाकीचा नळ सोडून बसलो.

ती टाकी भरायला तुमच्याकडे ट्रान्सहार्बर, म्हणजे तुमची ती ठाण्याहून सुटणारी पनवेल गाडी आहे की. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 ला सुरू झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षातच तिकडे हा माणूस आगगाडीत मांडीवर फळी घेऊन पेन्सिलने लिहीत होता, 'बारचेस्टर टॉवर्स' ही कादंबरी बरीचशी अशीच झाली, बायको मग ते लिहिलेलं उतरवून काढायची. चार-पाच प्रवाशांसमोर लिहायला सुरुवातीला त्याला पण कसंतरीच व्हायचं, लोकांना वाटेल काय मोठा लेखक लागून गेला. लेडीज डब्यात तर मोबाईलवर दोन ओळी टाईप केल्या तरी शेजारची मान वाकडी करून वाचते. म्हणून तुम्ही महिनाभर गाडीत लिहूच नका. गोष्टीसाठी एक माणूस डोक्यात धरा आणि ठाणे ते तुर्भे त्याला सोबत घेऊन बसा, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी "थोडं सरका" म्हटल्यावर ते सरकेल का, भांडेल का, की उभंच राहील, एवढंच. उद्या तेच माणूस, दुसरं नको. मग लंच टाईममधे पंधरा मिनिटं लिहा, 40 शब्द तर 40.

आणि कालचं वाचवत नाही म्हणता, तर मोठ्याने वाचा. ट्रॉलप पहिला अर्धा तास कालचंच वाचायचा, शब्द कानाने तोलायचा. कुकर लावला की वाचा, घरातलं कोणी "काय बडबडतेस" म्हणालं की समजा तिथे वाक्य कृत्रिम झालंय.

आता महाबळेश्वर. पियानोवाल्या बंगल्यात तुम्ही कधी राहिलायत का हो? मला नाही वाटत. 'द वॉर्डन' त्याला सुचली ती ऑफिसच्या कामात, पोस्टाची फेरी चालू असताना सॅलिस्बरीत मुक्काम पडला, संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरत होता. आणि गोष्ट कसली, तर जुन्या धर्मादाय पैशावर जगणारे बारा म्हातारे आणि त्यांना सांभाळणारा एक भिडस्त पाद्री, की या पैशावर नक्की हक्क कोणाचा. तुमच्या अख्ख्या पत्रात एकच वाक्य असं होतं की मी वाचता वाचता थांबले, आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंयत. दोन वर्षं! पगार नाही, हजेरीचं पंचिंग नाही, टेबल दुसऱ्याला गेलं, आणि हा माणूस सकाळी तयार होऊन डबा घेऊन निघतो, आणि वॉचमनपासून मालकापर्यंत कोणी विचारत नाही की काका, कशाला येता? घरी माहितीय का, की घरी अजून नोकरी चालूच आहे? पहिली तारीख आली की काय करतात ते?

बंगला राहू दे बंद. सोमवारी गाडीत काकांना घेऊन बसा, आणि त्यांच्या डब्यात काय असतं, तो कोण भरून देतं, हे बघून मला लिहा. मला खरंच जाणून घ्यायचंय.