ज्वारीतल्या टारफुल्यावर पीएच.डी. करून पोटापाण्याचं काय?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. दादा मंगळवेढ्याकडचे, पाच एकर रान, निम्मं काळं आणि निम्मं माळाचं, मुलगी बारावी सायन्सला, पीसीबी घेतलंय, अभ्यासात चांगली. तिच्या डोक्यात अकरावीपासून बसलंय की शेतीतलं संशोधन करायचं, तेही तणावर आणि बियाण्यावर. दादा लिहितात, "आमचा जन्म उन्हात गेला, पोरीनं तरी सावलीत बसावं म्हणून शिकवतोय आणि ही म्हणते परत रानातच जायचं. खुरपणीवर पीएच.डी. करून कोण नोकरी देणार? नर्सिंग बघू का सरळ एमपीएससीला बसवू? आणि एवढी वर्षं शिकली तर लग्नाचं काय?" सगळ्यात शेवटी एक ओळ आहे की माळाच्या ज्वारीत टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, येतो, खालच्या काळ्या रानात तेवढा येत नाही, असं का म्हणून ती घरात, शाळेत, कृषी सहायकाला, सगळ्यांना विचारत असते आणि कुणी नीट सांगत नाही.

दादा, मी या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण त्यातच तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं बरंचसं उत्तर आहे.

टारफुल्याचं बी धुळीएवढं बारीक असतं, एका झाडाला हजारोंनी धरतं आणि जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत पडून राहतं. नुसता पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही. ज्वारीच्या मुळातून एक द्रव्य पाझरतं, ते जवळ आलं की मगच बी फुटतं आणि फुटल्या फुटल्या ज्वारीच्या मुळात घुसून तिचं अन्नपाणी ओढायला लागतं, आपल्याला ते वर दिसतं तोवर खाली कित्येक आठवडे हे चाललेलं असतं, म्हणून तर टारफुला खुरपून त्या सालच्या ज्वारीला फारसा फायदा होत नाही. हे द्रव्य शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि गंमत बघा, ते सापडलं कापसाच्या मुळात, ज्या कापसावर टारफुला जगूच शकत नाही. कापूस बी फोडतो पण पोसत नाही, म्हणजे फुटलेलं बी उपाशी मरतं, त्यामुळे टारफुल्याच्या रानात कापसासारखं पीक फेरपालटीला घ्या असं सांगतात.

पण मग झाडानं स्वतःच्या वैऱ्याला बोलवायचंच कशाला? हा प्रश्न पुढं जवळजवळ चाळीस वर्षं तसाच राहिला. 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही हाक टारफुल्यासाठी नसतेच, ती असते जमिनीतल्या एका उपयोगी बुरशीसाठी, मायकोरायझा म्हणतात तिला, जी मुळांना स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. जमिनीत स्फुरद कमी पडलं की झाड जास्त जोरात हाक मारतं आणि टारफुला ती हाक चोरून ऐकतो. त्यानंतर 2008 मध्ये कळलं की हेच द्रव्य झाडाच्या आत हार्मोनचं पण काम करतं, फांद्या किती फुटायच्या ते ठरवतं.

आता तुमचं माळाचं रान बघा. हलकी जमीन, नत्र-स्फुरद कमी, ओल लवकर उडते, अशा ठिकाणी टारफुला जोर धरतो. म्हणजे पोरीनं बांधावर उभं राहून जो फरक ओळखलाय तो खराच आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना कित्येक वर्षं लागलीत. तिला सांगा हे. मी खूप मुलांची पत्रं वाचते, बहुतेकांचा प्रश्न असतो स्कोप कशाला आहे, स्वतःच्या रानात काय चाललंय ते बघून प्रश्न विचारणारं पोर फार कमी भेटतं.

यातलाच एक माणूस सांगते, गेबिसा एजेटा. इथिओपियातल्या खेड्यात, गवतानं शाकारलेल्या एका खोलीच्या घरात वाढला, आईच्या हट्टानं शिकला, पुढं अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ज्वारीवर संशोधन केलं. त्याच्या टीमनं एक साधी युक्ती काढली, काचेच्या बशीत अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या थरात टारफुल्याचं बी आणि ज्वारीचं एक रोप ठेवायचं आणि मुळापासून किती लांबपर्यंतचं बी फुटतंय ते मोजायचं. म्हणजे शेतात सबंध हंगाम थांबायच्या आधीच कळतं की कुठली ज्वारी हाक कमी मारते. अशा ज्वाऱ्या निवडून, संकर करून त्यांनी टारफुल्याला दाद न देणारे वाण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांपर्यंत नेले आणि 2009 मध्ये त्याला वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. यामागचं एक जनुक 2017 मध्ये हाती लागलं. तण, माती आणि जनुक हे तीन वेगळे विषय म्हणून पुस्तकात छापतात, रानात ते एकत्रच असतात हे यात दिसतं. आणि आपल्याकडचं काम शिल्लकच आहे, मालदांडीची भाकरी आणि तिचा कडबा तसाच ठेवून त्यात अशी ताकद आणायची हे सोपं नाही, आणि ते ज्वारी खाणाऱ्या, ज्वारी ओळखणाऱ्या माणसानं केलं तर जास्त चांगलं होईल असं मला मनापासून वाटतं. मालदांडी म्हणजे एम 35-1, ती तुमच्या शेजारच्या मोहोळच्याच केंद्रात निवडलेली आहे, हे पोरीला माहीत असेल कदाचित, नसेल तर सांगा.

खुरपणीवर पीएच.डी. म्हणालात, ते पण जरा बोलू. हरियाणात गव्हातल्या गुल्ली डंडा नावाच्या गवतानं 1990 च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं बंद केलं, शेतकऱ्यांनी उभे गहू वैरणीला कापले. गाजर गवत 1955 च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आज देशात कुठं नाही सांगा. त्यावर सोडायला मेक्सिकोतून भुंगे आणावे लागले. सोयाबीनवाल्यांना विचारा, फवारणी करूनसुद्धा केना कसा उरतो ते. मजूर मिळत नाही, तणनाशकाचा खर्च वाढतोय, एकच औषध दरवर्षी मारलं तर तण त्याला सरावतं, हे सगळं कुणीतरी अभ्यासायला पाहिजे ना? भारत सरकारची तण संशोधनाची आख्खी स्वतंत्र संस्था आहे जबलपूरला, 1989 पासून.

बरं, आता रस्ता. बीएस्सी ॲग्री ऑनर्स, चार वर्षं, सीईटी देऊन. तुम्हाला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळ, बाकी अकोला, परभणी, दापोली आहेतच. सरकारी कॉलेजला फी कमी असते, तिथं नंबर लागावा म्हणून सीईटीला जोर लावू दे. खासगी घ्यायची वेळ आलीच तर आधी स्वतः जाऊन बघा, कॉलेजची जमीन खरंच कसली जाते का, माती परीक्षणाची लॅब उघडी असते का कुलूप, शिकवायला माणसं पूर्ण आहेत का, आणि तिथं शिकणाऱ्या मुलांना गेटबाहेर गाठून विचारा, ते खरं सांगतात. काही जण सांगतील बीटेक बायोटेक करा, त्यात जनुकं वगैरे जास्त. माझं मत वेगळं आहे, हिचा प्रश्न रानातून आलाय तर आधी पीक, माती, कीड, हवामान सगळं शिकू दे, बीएस्सी ॲग्रीवरून पुढं बायोटेकला जाता येतं आणि बँक, एमपीएससी कृषी सेवा ही दारं पण उघडी राहतात. तण विज्ञान नावाची वेगळी डिग्री शोधत बसू नका, आपल्याकडे तो विषय एमएस्सीला कृषिविद्येत म्हणजे ॲग्रोनॉमीत येतो, माती हवी तर मृद विज्ञान, आणि टारफुल्याला न जुमानणारी ज्वारी तयार करायची तर आनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास. हे आत्ता ठरवायची काही गरज नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत तिला आपोआप कळेल हात कशात रमतो ते. तिथून राज्याची पीजी सीईटी आणि आयसीएआरची म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरची परीक्षा, दोन्ही द्यायच्या, दुसरी निघाली तर दिल्ली, हैदराबाद असं कुठंही जाता येतं आणि रँक वर असली तर फेलोशिप मिळते. हैदराबादला ज्वारी-बाजरीची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचंच रब्बी ज्वारीचं केंद्र सोलापुरात आहे, म्हणजे तुमच्यापासून तास-दीड तासावर.

नोकरीचं मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. विद्यापीठात आणि आयसीएआरमध्ये शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या निघतात, भरती रखडते, एकेका जागेला खूप जण असतात. मिळाली तर चांगली, मूळ पगार 57,700 पासून सुरू, वर भत्ते. पण तेवढ्यावरच डोळा ठेवून दहा वर्षं काढू नयेत. जालना, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद इथं बियाणे कंपन्या आहेत, त्यांना पैदासकार म्हणजे नवे वाण तयार करणारे लागतात, ट्रायल बघणारी माणसं लागतात, बी तपासणारी लागतात. औषध कंपन्यांना तणनाशकाच्या चाचण्या घ्यायला लोक लागतात. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, महाबीज आहे, बीज प्रमाणीकरण आहे, बँकेत कृषी अधिकारी आहे. यातलं बरंचसं एमएस्सीवर होतं, काही तर बीएस्सीवर. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर थांबून कमवायला लागता येतं, आणि मी तर म्हणते एमएस्सी झाल्यावर वर्षभर नोकरी करून मग पीएच.डी.ला गेलं तरी काही बिघडत नाही. एमपीएससी पण द्यायची तर बीएस्सीनंतर दोन प्रयत्न ठरवून द्या, पुण्यात खोली घेऊन पाच-सहा वर्षं त्यातच गुंतलेली मुलं मी बघते आणि जीव तुटतो.

आणि उन्हाचं म्हणाल तर, ऊन चुकणार नाही. पैदासकाराला फुलोऱ्यात ज्वारीच्या कणसातले बारीक परागकोश चिमट्यानं काढत संध्याकाळभर उभं राहावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन पराग टाकावे लागतात, सुट्टी असो, सण असो, फूल थांबत नाही. एक वाण संकरापासून शेतकऱ्याच्या हातात जायला दहा-बारा वर्षं लागतात आणि बरेच वाण चाचणीतच गळतात. हे तिला आधीच माहीत पाहिजे. फरक एवढाच की या उन्हाचा पगार ठरलेला असतो, दुष्काळ पडला म्हणून तो बुडत नाही. नर्सिंग चांगलंच काम आहे, पण तिला ते करायचं नाहीये हे तुमच्या पत्रातच दिसतंय, मग फक्त नोकरी लवकर मिळते म्हणून तिकडं ढकलू नका.

लग्नाचं. बीएस्सी होईल तेव्हा ती 22 ची असेल, एमएस्सीला 24, पीएच.डी. केली तर 28 च्या आसपास. तुमची काळजी कळते, गावात लोक काय बोलतात ते पण माहितीये. पण तुम्ही उसाला को 86032 लावत असाल, नाहीतर शेजारी कुणी तरी लावतच असेल, त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रात 1930 च्या दशकात जानकी अम्मल नावाची बाई उसाच्या गुणसूत्रांवर काम करत होती, त्या काळात अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेली. नव्वद वर्षांपूर्वी एका घरानं मुलीला एवढं शिकू दिलं. तुम्ही आजच्या काळात एमएस्सीपर्यंत तरी विषय काढू नका, एवढं मी मोठ्या बहिणीच्या नात्यानं मागते. पुढचं तिचं ती तुमच्याशी बोलेल.

आता यंदाचं काम. बारावी आणि सीईटी संपेपर्यंत बाकी काही नको. सातबारा, डोमिसाईल, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा, ऐन ॲडमिशनच्या वेळी सेतूत रांगा असतात. शेतकरी घरातल्या मुलांना सातबाऱ्यावर प्रवेशात वाढीव गुण मिळत आलेत, यंदाचा नियम काय ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

परीक्षा झाली की तिला सहा-आठ कुंड्या द्या. निम्म्यांत माळाची माती, निम्म्यांत काळी, दोन्हीतल्या अर्ध्या कुंड्यांना शेणखत आणि थोडं सुपर फॉस्फेट, सगळ्यांत टारफुल्याचं सारखं बी मिसळायचं आणि ज्वारी टोकायची. बी आपल्याच माळावरचं घ्यायचं, दुसरीकडून आणायचं नाही. कुठल्या कुंडीत टारफुला कधी वर आला, किती आला, ज्वारीची उंची किती, हे तारखेसकट वहीत. टारफुला फुलावर आला की बोंडं धरायच्या आत उपटून जाळायचा, आणि ती कुंडीतली माती काळ्या रानात चुकूनही टाकायची नाही, तिथं तुम्हीच बी नेऊन पेरल्यासारखं होईल. मग ती वही घेऊन तिला एक दिवस सोलापूरच्या ज्वारी केंद्रात न्या, आधी फोन करून वेळ घ्या, तुम्ही पण आत जाऊन बसा आणि तुमच्या मनातलं पगाराचं, जागांचं सगळं तिथल्या शास्त्रज्ञांना तोंडावर विचारा.