नेटवर्क मार्केटिंगमध्ये मेहनत न करणारेच बुडतात, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसबहीण तिच्या नेटवर्क मार्केटिंगच्या कामात (माल विकायचा, आपल्याखाली माणसं जोडायची आणि त्यांच्या खरेदीवरही कमिशन घ्यायचं) तुम्हाला घेऊ पाहतेय, मूल लहान असल्यामुळे तुम्हालाही घरूनच करता येईल असं काहीतरी हवंय, लोक सांगतात यात पैसे जातात, आणि ती म्हणते, 'जातात ते मेहनत न करणाऱ्यांचे.' तर खरे धोके कोणते?

धोक्यांवर येते. आधी त्या वाक्याबद्दल बोलू द्या, कारण हेच वाक्य मी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून ऐकलंय. चारचौघांत, माझ्या मुलीसमोर, आणि एकदाच नाही. त्याच माझ्या अपलाइन होत्या, म्हणजे मला या कामात लावणाऱ्या. मी त्यांना वहिनी म्हणते.

मी 22 महिने हे काम केलं. मेहनत केली की नाही हे मला कुणाला पटवून द्यावं लागत नाही, कारण माझ्याकडे वही आहे. लग्नाआधी मी हिशेब लिहिण्याचंच काम करायचे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून रोजचं टिपून ठेवायची सवय. कुणाला फोन केला, कुणाला प्लॅन (यात पैसे कसे मिळतात त्याची मांडणी) दाखवला, किती वेळ गेला, काय विकलं, काय स्वतःच्या आयडीवर, म्हणजे कंपनीतल्या माझ्या सभासद क्रमांकावर घेतलं, सगळं आहे. पहिल्या दोन पानांवर शंभर नावांची यादी आहे. ती सगळ्यांनाच करायला लावतात. पहिली वीस नावं भराभर सुचतात, पन्नासनंतर लांबच्या नात्यांत शिरावं लागतं आणि नव्वदीच्या पुढे माणूस कुणाचंही नाव लिहितो. माझ्या यादीत मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव आहे. बाळंतपणात माझं सगळं केलेल्या नर्सचं आहे. दोघींनाही मी फोन केले. वर्गशिक्षिका पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. हा पहिला धोका, आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. धंदा सोडता येतो, पण यादीतल्या माणसांना परत तुमच्याशी सहज बोलावंसं वाटायला फार वेळ लागतो.

दुसरा धोका महिनाअखेरचा. कमिशन मिळायचं तर तुम्ही 'अॅक्टिव्ह' असायला हवं आणि अॅक्टिव्ह राहायचं तर दर महिन्याला ठरलेल्या पॉइंटचा (कंपनी प्रत्येक वस्तूला गुण देते, त्यांचा) माल तुमच्या आयडीवर उचलला जायला हवा. क्लोजिंगच्या, म्हणजे महिन्याचा हिशेब बंद होण्याच्या, आधी दोन दिवस वहिनींचा फोन यायचा. "किती कमी पडतायत? स्वतःच्या आयडीवर घेऊन टाक, पुढच्या महिन्यात विकशील." मी घ्यायचे. जे दुसऱ्याला विकलं ते निळ्या शाईने, जे स्वतः घेतलं ते लाल शाईने. नवव्या महिन्यात मला रँक, म्हणजे वरचा हुद्दा, लागली, ग्रुपवर फोटो फिरला, अभिनंदनाचे शंभरेक मेसेज आले. त्या महिन्याच्या पानावर 31 ओळी आहेत. त्यातल्या 19 लाल आहेत. कमिशन जमा झाल्याचा मेसेज मी नवऱ्याला दाखवला. त्याच खात्यातून त्याच महिन्यात किती गेलं, ते दाखवलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले ती सांगते. माझ्याखाली सहाजणी लागल्या. चौघी नात्यातल्या, माझा शब्द मोडवेना म्हणून आलेल्या, दोन-तीन महिन्यांत थांबल्या. पाचवी वहिनींनीच लावून दिलेली. सहावी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिची नोकरी नुकतीच गेली होती आणि हे मला माहीत होतं. यादीत तिचं नाव चौथं होतं. वहिनींनी त्यापुढे स्वतःच्या हाताने बाण काढला होता आणि म्हणाल्या होत्या, "गरज असलेला माणूस लवकर तयार होतो." तो बाण अजून वहीत आहे.

माझी रँक ज्या महिन्यात लागली, त्या महिन्यात तिचे पॉइंट कमी पडत होते. 29 तारखेला रात्री मी तिला फोन केला आणि वहिनींचं वाक्य शब्दशः सांगितलं. "स्वतःच्या आयडीवर घेऊन टाक, पुढच्या महिन्यात विकशील." तिने घेतलं. फोटो माझा फिरला.

पुढे तिचे फोन कमी झाले, म्हणून एक दिवस तिच्या घरी गेले. पलंगाखाली सात बॉक्स होते. वरच्या दोघांची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती, एकावरची मुदत तीन आठवड्यांत संपत होती. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "मला जमलं नाही गं. मीच कमी पडले." तेव्हा मला कळलं, ते मेहनतीचं वाक्य कशासाठी असतं. पैसे तिचे गेले होतेच, वर दोषही तिने आपल्याच अंगावर घेतला होता. जो स्वतःला दोष देतो तो माल परत मागायला जात नाही, तक्रार करत नाही आणि दुसऱ्या कुणाला सावधही करत नाही.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर झाड काढलं. प्लॅन दाखवताना काढतात तेच. वर एक, तिच्याखाली सहा, त्यांच्याखाली 36, त्यांच्याखाली 216. एकूण 259. फळ्यावर हे काढताना बोट नेहमी वरच्या एकीवर ठेवतात. मी पहिल्यांदाच खालच्या ओळीकडे पाहिलं. 259 पैकी 216 जणींच्या खाली कुणीच नाही. त्यांनी जिवाचं रान करून आणखी सहा-सहाजणी आणल्या तर खालची ओळ 1,296 ची होते, पण खाली कुणीच नसलेल्यांचं प्रमाण तेच राहतं, शंभरात 83. शेवटच्या दोन ओळी धरल्या तर शंभरात 97. अशी माणसं जोडत जगाची लोकसंख्या संपेल तेव्हा संपेल, पण हे प्रमाण दुसऱ्या महिन्यातही तेवढंच असतं. मेहनतीने फार तर खालच्या ओळीतून वर कोण सरकणार हे ठरेल. खालच्या ओळीत किती असणार, हे प्लॅन आखला तेव्हाच ठरलेलं असतं.

हे वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तू निगेटिव्ह झालीयेस, अमेरिकेत हा धंदा कायदेशीर ठरलाय. सेमिनारमध्येही हा दाखला प्रत्येक वेळी यायचा, म्हणून मी तो नीट वाचून काढला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांना फसवणुकीपासून जपणारी तिथली सरकारी संस्था) 1979 मध्ये अॅमवे या कंपनीच्या प्रकरणात ही पिरॅमिड योजना, म्हणजे मालापेक्षा माणसं जोडण्यावर चालणारी योजना, नाही असा निर्णय दिला, हे खरं आहे. (आमची कंपनी दुसरीच होती, पण दाखला हाच द्यायची.) तो निर्णय कशावर उभा होता हे मात्र व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. महिन्यात घेतलेल्या मालापैकी निदान 70 टक्के पुढे विकल्याशिवाय बोनस मिळणार नाही, महिन्याला किमान 10 ग्राहकांना विक्री झाल्याचं दाखवायचं, आणि सोडून जाणाऱ्याचा पडून राहिलेला माल परत घ्यायचा, असे नियम तिथे होते. शिवाय कमाईचे फुगवलेले आकडे सांगितल्याबद्दल त्याच निर्णयात कंपनीला ठपकाही आहे. माझ्या त्या 19 लाल ओळी या तीनपैकी पहिल्याच नियमाला अडल्या असत्या.

2016 मध्ये त्याच कमिशनने हर्बालाइफ या अशाच दुसऱ्या कंपनीला 20 कोटी डॉलर भरायला लावले, आणि सदस्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा निदान दोन-तृतीयांश भाग नोंद असलेल्या खऱ्या किरकोळ विक्रीवरच आधारलेला हवा, अशी अट घातली. पुढच्या वर्षी जवळपास साडेतीन लाख लोकांना त्यातून पैसे परत पाठवले गेले. साडेतीन लाख. ते सगळे आळशी होते?

आणि कंपन्यांचे कमाईचे तक्ते कुणी दाखवले तर जपून. 2024 मध्ये कमिशनने अशा 70 कंपन्यांची पत्रकं तपासली. कितीतरी पत्रकांत ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना मोजलेलंच नव्हतं आणि बहुतेकांत खर्च वजा केलेला नव्हता. तरीसुद्धा, या पत्रकांच्याच हिशेबाने, बहुसंख्य सदस्यांना वर्षाकाठी 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते. महिन्याला 84 डॉलरही नाहीत, आणि त्यातून माल, सेमिनारची तिकिटं, प्रवास, फोन हे सगळं जायचं आहे.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळं आहे. चीनने 2005 च्या नियमांनी साखळीने कमिशन द्यायलाच बंदी केली, भारतात डिसेंबर 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई आहे पण थेट विक्रीला नाही. एखादी कंपनी कायद्यात चोख बसत असेल आणि तरीही तुमचे पैसे तिच्यात जातील. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

'घरबसल्या' या शब्दाचंही सांगते, कारण तुमचं मूल लहान आहे. माझ्या वहीत आठवड्याचे सरासरी 26 तास निघतात. त्यातले बहुतेक संध्याकाळी सात ते रात्री अकरा, कारण लोक तेव्हाच मोकळे असतात. मी घरात होते हे खरं. कानाला फोन लावून मुलीला हाताने 'थांब' म्हणत होते. 'स्वतःच्या वेळेने काम' असं सांगतात, पण यात वेळ दुसऱ्यांच्या सोयीची असते.

वहिनींच्या दृष्टीने मी 'मध्येच सोडून गेलेली' आहे. माणसं यश मिळण्याच्या एक पाऊल आधी थांबतात, असं त्या अजूनही म्हणतात, आणि त्या माझ्याबद्दल बोलतायत हे सगळ्यांना कळतं. वहिनी, तुम्ही हे वाचलंत तर: 22 महिन्यांत मी 340 जणांना प्लॅन दाखवला. एकही मीटिंग चुकवली नाही, मुलीला ताप होता तेव्हाही नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. एकूण आलं त्यापेक्षा एकूण गेलं ते जास्त होतं, आणि तो हिशेब मी तुमच्यासमोर उघडून ठेवला तेव्हा तुम्ही वही मिटून म्हणालात, "आपल्या माणसांत हिशेब नसतो." आपल्या माणसांनाच माल विकायला सांगितला होता तुम्ही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एखाद्याला वस्तू मनापासून आवडते, सवलतीत मिळावी म्हणून तो आयडी घेतो आणि कुणालाही खाली लावत नाही, त्याचं फार नुकसान होत नाही. दारोदार जाऊन माल विकणं हा कष्टाचा आणि चांगला धंदा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. अमेरिकेतल्या एएआरपी फाउंडेशन या ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या 2018 च्या पाहणीत नेटवर्क मार्केटिंग केलेल्यांपैकी 47 टक्के लोकांना तोटा झाला होता, 27 टक्के ना नफा ना तोट्यात होते आणि 25 टक्क्यांना काही ना काही फायदा झाला होता. म्हणजे फायदा होतो, कुणाला तरी. पण त्यातल्याही निम्म्याहून अधिक लोकांचा सगळा मिळून फायदा 5,000 डॉलरच्या आतला होता.

तुम्हाला घरूनच काम हवंय तर माझं मत विचाराल तर हे घेऊ नका. शिकवण्या घ्या, शिवण करा, कुणाचे हिशेब लिहा. मी आता तेच करते. मिळकत कमी आहे, पण महिनाअखेरीला स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक व्हावं लागत नाही. तरीही जायचंच ठरवलंत तर जॉइन होण्याआधी माल परत घेण्याची अट आणि मुदत लेखी वाचा. आमची 30 दिवसांची होती, बॉक्स न फोडलेला हवा. मैत्रिणीच्या सात बॉक्सपैकी एकही त्या मुदतीत बसला नाही. ते मी माझ्या घरी आणले आणि तिचे पैसे हप्त्याहप्त्याने दिले. नोकरी गेलेल्या माणसाला तर अजिबात विचारू नका.

मावसबहिणीशी भांडू नका. ती तुम्हाला फसवायला निघालीये असं मला वाटत नाही. मीही मैत्रिणीला फसवायला निघाले नव्हते. तिच्याकडे जा, दार लावून दोघीच बसा आणि विचारा की गेल्या सहा महिन्यांत जो माल तिच्या आयडीवर गेला, त्यातला किती तिच्या डाउनलाइनबाहेरच्या, म्हणजे तिच्याखाली न लागलेल्या, माणसाने पैसे देऊन घेतला. ती रागावली तर थांबा, चहाचं विचारा, दुसरं काही बोला. ती गप्प झाली तर मात्र उठू नका. वही नसेल तर तिचं बँकेचं पासबुक चालेल, एक बाजू आलेल्याची आणि एक गेलेल्याची, सहा महिन्यांचं तासाभरात होतं.