मामाजींचा कंप आणि तुझ्या हातची फोडणी

दारव्हा तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. सासऱ्यांना मागच्या वर्षी पार्किन्सन्स, म्हणजे हातांना कंप सुटणारा मेंदूचा आजार, निघाला. हा आजार पोटातून सुरू होतो असं नणंदेनं मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाली, ‘वहिनी, तुमच्या तिखट-तेलानंच झालं.’ आता गोळ्या बंद करून पोट साफ करणारा काढा द्यायचं घरात घाटतंय.

बाई, तुझ्या स्वयंपाकानं मामाजींना हा आजार झालेला नाही. पोटाचा संबंध मात्र खोटा नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातही बद्धकोष्ठाची नोंद आहे. हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधीपासून अनेकांचा कोठा जड असतो. तूच लिहितेस, तुझ्या लग्नाआधीपासून मामाजींचं पोट साफ होत नव्हतं. मग तुझ्या फोडणीला दोष कसा लागेल?

२०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी, हा आजार व्हावा अशी जनुकं असलेल्या उंदरांच्या पोटात रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू सोडले. त्यांची हालचाल जास्त बिघडली; निरोगी माणसांचे जिवाणू दिलेल्या उंदरांची तेवढी नाही. पण हे उंदरांचं झालं. जिवाणू बदलून माणसाचा पार्किन्सन्स बरा करणारं औषध आज कोणाकडेच नाही, काढेवाल्याकडे तर नाहीच. आणि गोळ्या एकदम तोडल्या तर अंग लाकडासारखं ताठरतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. त्या बंद होऊ देऊ नकोस, त्यासाठी घरात भांडावं लागलं तरी भांड.

एक मात्र बदल. गोळी तू वरणभाताच्या घासात घालून देतेस. डाळीतली प्रथिनं आणि गोळीतलं लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात जातात आणि त्या गर्दीत औषध मागे पडतं. वरण तोडू नकोस, गोळी जेवणाआधी अर्धा तास पाण्यासोबत दे. मळमळलं तर डॉक्टरांना विचार. कोठ्यासाठी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, भरपूर पाणी आणि संध्याकाळी गावाबाहेरपर्यंत चालणं. तेवढ्यानं भागलं नाही तर जुलाबाचं औषधही डॉक्टरांकडूनच घे, कारण पोट तुंबलं की गोळीचा असर उशिरा होतो.

मामाजींनी वर्षानुवर्षं कपाशीवर फवारणी केली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. काही कीटकनाशकांचा या आजाराशी संबंध अभ्यासांत वारंवार दिसलाय.

पुढच्या तपासणीला नणंदेला सोबत ने, आणि तिखट-तेलाचा प्रश्न तिलाच डॉक्टरांना विचारू दे.