कमिगिन बेटावर नवशिक्याने स्कूबा डायव्हिंगला जावं का? कुठले स्पॉट करावेत?

तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स झालाय, आत्तापर्यंत सात डाइव्ह झाल्यात, फिलिपिन्समध्ये गर्दी नसलेलं बेट हवंय आणि कमिगिन कसं वाटतं, असं तुम्ही विचारलंय. जा, नक्की जा. मी पण तारकर्लीलाच शिकलो आणि कमिगिनला आठवडाभर राहून नऊ डाइव्ह केल्या, त्यामुळे जे स्वतः बघितलं तेच सांगतो.

कमिगिन हा फिलिपिन्सचा अख्खा एक प्रांत आहे, पण केवढासा, तर बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण ६४ किलोमीटरचा. मिंडानाओ या दक्षिणेतल्या मोठ्या बेटाच्या उत्तरेला, बोहोल समुद्रात. मिंडानाओवरच्या बालिंगोआन बंदरातून फेरीत बसलं की तासा-सव्वातासात कमिगिनच्या बेनोनी बंदरात उतरता, किंवा सेबूहून छोटं विमान मिळतं. बेट पूर्ण ज्वालामुखींचं आहे आणि पाण्याखाली जे दिसतं ते सगळं त्यामुळेच आहे, म्हणजे काळपट वाळू, लाव्ह्याचे काळे धोंडे, त्यांच्यात घळी आणि त्या काळ्यावर उगवलेले प्रवाळ. तारकर्लीच्या गढूळ पाण्यानंतर हे बघताना मला पहिली पाच मिनिटं काही सुचेना.

सगळ्यात आधी लोक विचारतात ती बुडालेली दफनभूमी. १८७१ मध्ये बेटाच्या वायव्येला जमीन फुटून नवाच ज्वालामुखी उभा राहिला, तो पुढे चार वर्षं वाढतच होता, १८७५ च्या जानेवारीत चॅलेंजर हे ब्रिटिश संशोधन जहाज तिथून गेलं तेव्हाही तो धगधगत होता. त्यात बोनबोनजवळचं जुनं गाव उद्ध्वस्त झालं, गावाची दफनभूमी समुद्रात गेली. चर्चच्या भिंती अजून किनाऱ्यावर उभ्या आहेत आणि पाण्यात जो मोठा क्रॉस दिसतो तो १९८२ मध्ये आठवण म्हणून बांधलेला. तुमच्या लेव्हलला ही जागा सोपी आहे, खोली कमी, पण थडगी बघायला मिळतील या आशेने जाऊ नका, जे उरलंय त्यावर प्रवाळ चढलेत आणि गाईडने हात केल्याशिवाय दगड कुठला आणि थडगं कुठलं ते कळतही नाही. मला एका ठिकाणी फक्त एक सरळ कड दिसली, निसर्गात कधी नसते तशी सरळ, आणि तिला चिकटून नळीसारखा मऊ प्रवाळ हलत होता. मी तिथे बराच वेळ थांबलो. त्याच वेळी दुसऱ्या एका बोटीचा ग्रुप आला, आठ जण आणि गाईड एकच, त्यातले दोघं फोटोसाठी खाली फिन टेकवून उभे राहिले. फार वाईट वाटलं. कोणाच्या तरी घरची माणसं पुरलेली आहेत तिथे, तरंगता येत नसेल तर आधी बॉयन्सीची प्रॅक्टिस करा आणि मग जा, आणि बुकिंग करताना एका गाईडमागे किती माणसं हे विचाराच. चारच्या वर असतील तर दुसरीकडे बघा.

मला स्वतःला सर्वात आवडलं ते मांतिगे, माहिनोगच्या समोरचं छोटंसं बेट, मधे झाडी आणि भोवती राखीव समुद्र. एका बाजूला कडा खाली जातो, तिथे जॅक माशांचा थवा आणि कासवं. पण मी अडकलो वाळूत. वाळूतल्या एका बिळाशी बोटभर गोबी मासा पहारा देत बसलेला, आणि बिळातून एक कोळंबी बुलडोझरसारखी रेती ढकलत बाहेर येते, टाकते, परत आत. तिला जेमतेमच दिसतं म्हणून एक मिशी सतत माशाला लावून ठेवते, माशाने शेपूट हलवलं की दोघं गडप. श्वास सावकाश ठेवून पोटावर तरंगत राहिलात तर मीटरभर अंतरावरून दिसतं.

व्हाइट आयलंडजवळची डाइव्ह ठीक आहे, पांढऱ्या वाळूचा पट्टा वरूनच जास्त सुंदर. जिगडुप शोल मात्र आत्ता नको, तो खोल पाण्यातून वर आलेला डोंगर आहे, माथाच साधारण १५ मीटर खोलीवर, म्हणजे तुमची १८ मीटरची मर्यादा तिथे लगेच संपते आणि ओढही असते. ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करून जा.

तारखा ठरवताना चंद्र बघा. कोकणातला हिशोब तिथेही चालतो, अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणून करंट जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते तेव्हा पाणी शांत. एप्रिल ते जून समुद्र चांगला, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा त्रास देतो. बोटी बघून तुम्हाला घरच्यासारखंच वाटेल, तारकर्लीशेजारच्या देवबागच्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं आडवं लाकूड असतं, त्यांच्या बांग्का होडीला दोन्ही बाजूंना, त्यामुळे पाण्यात पडताना बांबूवर टाकी आपटणार नाही हे सांभाळा, खलाशी दाखवेल तिथूनच मागे पडा.

आणि एक गोष्ट जी मला कोणी नीट सांगितली नव्हती. बेटावर हिबोक-हिबोक नावाचा ज्वालामुखी आहे, १३३२ मीटर, १९५१ च्या उद्रेकात त्याने ५०० च्या वर माणसं घेतली, आज लोक त्यावर ट्रेक करतात, आणि पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं. सगळ्यांचा प्लॅन तोच, सकाळी डाइव्ह, संध्याकाळी कुंडात, दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन साठलेला असताना गरम पाण्यात बसणं किंवा उंचावर चढणं म्हणजे विमानात बसण्यासारखाच धोका, रक्तात त्याचे बुडबुडे होऊ शकतात, आणि त्यावर उपचार करणाऱ्या डीकॉम्प्रेशन चेंबरसाठी समुद्र ओलांडून सेबूला जावं लागेल. म्हणून ट्रेक आणि कुंड पहिल्या दोन दिवसांत उरका, मग डाइव्ह, आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा, मी तर पूर्ण एक दिवस ठेवला आणि ऑक्टोबर होता म्हणून तो लान्सोनेस नावाची फळं खात काढला, तिथली खासियत आहे, सालीचा चीक बोटांना चिकटतो पण सोडू नका.