पाच वर्षं बंद असलेली हिरो होंडा स्प्लेंडर थेट किक मारून सुरू करावी का?

नाही, आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, स्पार्क प्लग खोला आणि त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा. रात्रभर राहू द्या, मग इग्निशन बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबा. कोरड्या सिलिंडरला आतून गंज धरतो. तशीच दणादण किक मारली तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे पडतात. एवढं करून, प्लग बसवून आणि ताजं पेट्रोल भरूनही गाडी सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा. पेट्रोल उडून गेलं की मागे उरलेला चिकट, पिवळसर थर त्यातल्या स्लो जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) केसाएवढ्या भोकात बसतो. जेट काढून कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. तार घालू नका, भोक मोठं होतं. प्लग नवा, इंजिन ऑइल नवं (१०डब्ल्यू३० ग्रेडचं, साधारण ९०० मिली). बॅटरीवर लगेच खर्च नको, जुनी स्प्लेंडर तिच्याशिवायही किकवर सुरू होते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक चिरा असतील तर बदलाच. अर्थात किक जामच असेल तर बहुधा पिस्टन अडकलाय. तिथे उभं राहून जोर लावू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागू शकतं.