अणुकेंद्रकाचा ताप कसा मोजायचा?

प्रश्न : सर, युरेनियमच्या अणुकेंद्रकात जेमतेम अडीचशे कण. मग त्याचं 'तापमान' म्हणतात ते काय? थर्मामीटर कुठं लावतात?
– बीएस्सीचा विद्यार्थी, खानापूर

उत्तर : थर्मामीटर नाही बाळ, ऊर्जेच्या पायऱ्या मोजतात, म्हणजे केंद्रकाला घेता येणाऱ्या ठरावीक ऊर्जा. युरेनियम-२३८ ची तळावरची पहिली पायरी सुमारे ४५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं छोटं एकक). त्यात मंद न्यूट्रॉन शिरला की ऊर्जा एकदम ४८ लाखांवर जाते. तिथं त्या न्यूट्रॉनला सापडणाऱ्या पायऱ्यांमधलं अंतर साधारण २० इलेक्ट्रॉनव्होल्ट! गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत शिरून बघ, म्हणजे दाटी कळेल.

ही दाटी मोजायचं सूत्र भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९३६ साली दिलं. ऊर्जा थोडी वाढवली की पायऱ्या किती पटीनं वाढतात, त्यावरून तापमान ठरतं. वाढ जितकी झपाट्याची, तितकं तापमान कमी. वरच्या उदाहरणात ते चार-पाच अब्ज केल्विन निघतं. कॉलेजात असताना मला हा आकडा छापखान्याची चूक वाटला होता.

खरी गंमत कमी ऊर्जेला. ऊर्जा ओतत राहा, तापमान जवळपास जागचं हलत नाही. आमच्याकडं कुंदा या मिठाईसाठी दूध आटवतात तेव्हा जाळ चालूच असतो, पण दूध शंभर अंशांच्या आसपासच. उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. केंद्रकात ती जोड्या फोडण्यात खर्च होते, न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी, प्रोटॉनची प्रोटॉनशी जमलेली जोडी. फक्त कण इतके थोडे, की दुधासारखी ठळक उकळी दिसत नाही.