स्कॅनर आले, तरी चुकीचा माल का जातो?

प्रश्न : उचगावला माझं बेअरिंगचं गोडाऊन आहे. दिवाळीत पाच बारकोड स्कॅनर घेतले, तरी चुकीचा माल जातोच. ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणाऱ्या पोरी म्हणतात, ‘आम्ही स्कॅन केलंय.’ नुकसान त्यांच्या पगारातून कापावं का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : कापू नका. आधी एक दिवस हातात स्कॅनर घेऊन स्वतः ऑर्डरी काढा.

गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याचं स्टोअर मी 22 वर्षं सांभाळलं. 6303 नंबरचं बेअरिंग मागितलं होतं आणि माझ्या हातून 6204 नंबरचं गेलं. दोन्हींचा बाहेरचा व्यास 47 मिलिमीटर, जाडी 14. फरक फक्त भोकाचा : एकाचं 17, दुसऱ्याचं 20. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे बॉक्स, आणि खण शेजारीशेजारी. फिटरनं बेअरिंग शाफ्टवर चढवलं तर ते सैल! तासभर मशीन बंद राहिलं. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं असं अजिबात नाही.

पोरी खरंच स्कॅन करत असतील. पण कशाचं, ते बघा. बारकोड रॅकच्या पट्टीवर चिकटवलाय का? मग पट्टी स्कॅन झाली, टूक वाजलं आणि हात शेजारच्या खणात गेला, तर यंत्राला कळायचं कसं? स्कॅन बॉक्सचाच झाला पाहिजे. नगांचंही तेच. एक बॉक्स स्कॅन करून 10 आकडा टाकला, की मोजणी पुन्हा माणसावरच. आणि एक हात स्कॅनरात अडकला की जड बॉक्स उचलायचा कसा? मग आधी सगळा माल गोळा करायचा आणि टेबलावर एकदम स्कॅन मारायचे, असं होतं. बोटात घालायचे स्कॅनर मिळतात, जड मालाला तेच घ्या.

सारखे दिसणारे बॉक्स लांब लांब ठेवा. रोजचा माल दाराजवळ, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत. या कामात बराचसा वेळ नुसता चालण्यात जातो.

पगार कापायला लागलात तर चुका लपवल्या जातील, आणि कुठला खण फसवतोय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यापेक्षा रॅकला एक वही टांगा. तारीख, मागितलेला नंबर, गेलेला नंबर. नाव लिहायचं नाही. तेच ते खण पुन्हा पुन्हा दिसायला लागले, की पोरींना विचारून हलवा. आणि हलवताना सगळ्यांत बुटक्या पोरीचा हात कुठवर पोचतो, ते आधी बघा.